तवनप्पाच्या बोळाची रुंदी

फितीचं एक टोक माझ्याकडं.
दुसरं धरायला साहेबांनी हाक मारली
दारात मेथी निवडत बसलेल्या मालन आवळेला.
तिनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले
आणि शून्य भिंतीला टेकवून उभी राहिली,
रोजचंच काम असल्यागत.

सात फूट नऊ इंच. पायरी ते पायरी.
हा आकडा आरोग्य विभागाचा.
ठराव झालाय : नऊ फुटांच्या आतल्या बोळात
टिपर जाणार नाही,
नागरिकांनी कचरा तोंडाशी आणून द्यावा,
ओला वेगळा, सुका वेगळा,
सात ते सव्वासात.

मागच्या चैत्रात हाच बोळ मोजला होता मी
घरफाळ्यासाठी.
तेव्हा भरला बारा फूट.
भिंत ते भिंत धरलं होतं, पायऱ्या मोजल्याच नव्हत्या.
आणि नगररचनेला विचाराल तर
मालनच्या पडक्या मागच्या खोलीच्या परवानगीला
साडेचार मीटर रस्ता लागतो.
मीटरमध्ये मागितलं की
बोळ आणखीच आखडतो.

नियमानं खिडकी जमिनीच्या एक दशांश हवी.
तिच्या खोलीला आहे वीतभर झरोका.
बाकीचा दशांश ती
दार उघडं टाकून पुरा करते.

साहेब म्हणाले, पायऱ्या काढल्या तर गाडी आत येईल.
नोटीस लावतो. सगळ्यांच्याच.
"काढा की," मालन म्हणाली,
"खरं पाणी कशावर मोजू?"

मग तिनं शून्य न सोडता सांगितलं :
राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस सांगितलं
की नाल्याचा वास बदलतो.
एक्केचाळीसला पहिली पायरी भिजती.
त्रेचाळीसला दुसरी, तवा सिलिंडर माळ्यावर.
तिसरीला पोरगी, कागदाची पेटी, शेळी.
"चौथी बुडालेली मी बघितल्यालीच न्हाई.
तवर आमी शाळेत असतोय, सतरंजीवर."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. परत काढलं.

एकोणीसच्या पुरानं तेवढी
या बोळात दारोदार फेरी केली होती.
त्याला रुंदी आडवी आली नाही.
साऱ्या गावाचा कचरा
ओला-सुका न बघता
घरात आणून दिला, फडताळाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत.

तेवढ्यात तोंडाशी गाडीचं गाणं वाजलं.
इलाही मुजावरनं आरसा दुमडला, उलटा गिअर टाकला,
विजेच्या खांबाला चार बोटं ठेवून
गाडी थांबवली, आणि खाली उतरला.
पार शेवटच्या घरात राजाक्का आहेत, गुडघे गेलेले.
त्यांची बादली तो स्वतः आणतो.
मागच्या महिन्यात यंत्रावर
गाडी रोज चार मिनिटं जास्त उभी दिसली,
म्हणून पगारातनं कापलेत.
"कुणाचं किती कापलं?" मालननं विचारलं.
"चार मिन्टांचं," तो म्हणाला, आणि बादली घेऊन
सात फूट नऊ इंचातनं सरळ चालत गेला,
साहेबांनी अंग चोरून त्याला वाट दिली.

नोंदवहीत रुंदीला एकच रकाना आहे.
साहेब मला विचारतात, काय लिहू रे?
असं कधी विचारत नाहीत.
मी खलाशी, मी फीत ताणायची.
शेऱ्याच्या रकान्याकडं बोट केलं फक्त.
तिथं त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : पायऱ्या चार.
पुढं काही सुचलं नसावं.

मालननं शून्य सोडलं.
फीत सर्रकन आत गेली.

संध्याकाळी ऑफिसात पुसायला उघडली,
तर टोकाला मेथीचं पान चिकटलेलं.
टेबलाखाली दोन डबे आहेत, हिरवा आणि निळा,
दोन्हीत चहाचे कागदी कप.
पान मी तसंच ठेवलं, फीत मिटली.
उद्या नऊला दुसरा बोळ आहे.