पहिली नोव्हेंबर

आमच्या लीट्रिममध्ये म्हणतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री
मेलेली माणसं घरी येऊन जातात.
दुसऱ्या दिवशी सरकार येतं, कागदावर.
पहिल्या तारखेला घर ज्याचं,
पुढल्या वर्षीचा कर त्याचा.

ॲट्रॅक्टाचं जरा अवघड होतं.
मॅलकीनं घर ठेवलं मुलाला, कोलमनला;
तो पर्थला, खाणीत.
बहिणीला ठेवला मरेपर्यंत राहायचा हक्क.
म्हणजे भिंती भाच्याच्या,
भिंती धरून चालणं तिचं.

पाकीट आलं तशी तिनं मला हाक मारली.
मी शेजारी. माझ्याकडे गाई आहेत आणि कॉम्प्युटर.
फोनवर अर्धा तास बासरी वाजली,
मग एक पोरगी म्हणाली,
मरेपर्यंतचा हक्क जिचा, कर तिनंच भरायचा.
घर भाच्याचं, भुर्दंड आत्याला!
मला वाटलं आता भडकणार.
ती म्हणाली, पुन्हा विचार.
माझं नाव लिहिलंय? एकटीचं?

मग किंमत. ती ज्याची त्यानं सांगायची असते.
मी म्हटलं, खालचा टप्पा लावू.
ओल आहे, मागचं छप्पर बसलंय,
विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव.
ती खिडकीबाहेर बघत राहिली,
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, माझा गोठा होता.
वरचा लाव, म्हणाली.
अगं, जास्त पडतील.
पडू देत. मॅलकीचं घर मी स्वस्तात काढू?

तेव्हापासून दर शुक्रवारी पोस्टाची खिडकी,
एक हातमोजा काढून मोजलेल्या नोटा.
कर पुढे ढकलता येतो, मी सांगून पाहिलं,
व्याजासकट घरावर चढत राहतो.
घराच्या डोक्यावर? नको रे बाबा.

यंदा एकतीसला, दिवेलागणीला, ती गेली.
पहिल्या तारखेला ती घरातच होती,
पुढच्या खोलीत, पेटीत, नवा कार्डिगन घालून.
सगळं गाव तिच्या कपांतून चहा पीत होतं.
इतकी माणसं त्या घरात मी कधी पाहिली नव्हती.
कायद्यानं त्यांतलं कुणीच तिथं राहत नव्हतं.

आठवड्यानं कोलमनचा फोन. मागे ट्रकची घरघर.
फुलांचं, पाद्र्याचं, सँडविचचं बोलून झालं.
मग जरा थांबून:
ते पाकीट आता माझ्या नावानं येणार ना?
हो.
किंमत केवढी सांगू?

थांब, म्हटलं, बघून येतो.
आणि टॉर्च शोधायला लागलो.