मागची बेरिंग

पुण्याच्या समीक्षकानं साडेतीन तारे दिले.
उरलेला दीड कुठं गेला ते लिहिलं नाही.
मुंबईच्या मासिकात अर्धं पान आलं,
आरुषीच्या फोटोखाली निखतचं नाव
आणि पहिल्याच वाक्यात संत्री.

चौथ्या गाण्यापाशी मात्र सगळेच थांबले.
'रिकामी टाकी'च्या तळाशी
एक घोगरा स्वर सुरू होतो आणि सुरूच राहतो.
पुण्याला तो वाटला तप्त शहराचा अंतर्नाद,
मुंबईला गोंगाटाचं धाडसी सौंदर्यशास्त्र.
दिल्लीतल्या एकीनं लिहिलं,
साडेसहा मिनिटांत एकदाही ढळत नाही तो,
इतका संयम नव्या मुलांत दुर्मीळ.

ढळणार कसा.
तो कूलर होता.

मानेवाड्याची खोली, मे महिन्याचा तिसरा आठवडा,
वर टिनपत्रे,
आवाज शेजारी जाऊ नये म्हणून
खिडक्यांना ठोकलेल्या जुन्या गाद्या.
पहिले तीन टेक कूलर बंद ठेवून घेतले.
तिसऱ्यात निखतचा घोळणा फुटला,
स्नेअरच्या पांढऱ्या कातड्यावर दोन थेंब.
आरुषी म्हणाली,
कांदा हुंगव बे तिले, अन् कूलर लाव.
मंग गाऊ.

चौथा टेक तो हाच.
धाडस म्हणाल तर एवढंच.

वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास
रेकॉर्डिंगमध्ये आला नाही.
त्याबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

इथल्या पेपरात चार ओळी छापून आल्या
नळयोजनेच्या बातमीखाली,
'दुपारपाळी'चं 'दुपारपोळी' करून.
आईनं तेवढंच कात्रण कापून ठेवलं.
म्हणाली, खायचंच नाव आहे, चांगलं आहे.

मग एका रात्री पुण्याहून फोन.
अहो, तो चौथ्यातला नाद साधलात कसा?
आणि मी,
जो दिवसभर वीजबिलांच्या तक्रारी ऐकतो,
लोकांचं खोटं पहिल्या वाक्यात ओळखतो,
मी म्हणालो,
दोन महिने शोधत होतो आम्ही तो स्वर.

छापून आलं. ठळक अक्षरात.
आरुषी तीन दिवस बोलली नाही.
चौथ्या दिवशी म्हणाली,
दोन महिने ना? एक तास शोधलं असतं
तर निखतचं रक्त वाचलं असतं.

मार्च उजाडला. निनावेकाका आले
नव्या ताट्या बसवायला, पंप तपासायला.
फोन खिडकीत ठेवला होता, गाणी चालू.
चौथं लागलं तसे ते थांबले.
तोंडात पाना, मान वाकडी.
तोंडातल्या तोंडात म्हणाले, पुन्हा लाव.
पुन्हा लावलं.

डोळे मिटून ऐकलं त्यांनी, अख्खं.
इतकं तर मीही कधी ऐकलं नव्हतं.
आरुषीचा आवाज, निखतचा ठेका,
माझी बास, जिच्यावर कुणी दोन शब्द लिहिले नाहीत,
सगळं ओलांडून ते खाली खाली उतरत गेले,
जिथं कुणी गेलंच नव्हतं.

मग तोंडातला पाना काढला.
'बेरिंग गेली आहे ना याची, मागची.
हा तं तवाच बंद पडला असता, बाप्पा.
पोरगी गाऊन राहिली म्हनून चालला.'

मी हसलो. ते हसले नाहीत.
चप्पल काढून कूलरच्या मागं बसले
आणि जाळी उघडली.

एकशे ऐंशी रुपये झाले, मजुरीसकट.
आता तो गुपचूप चालतो, पंखा आहे की नाही कळत नाही.
धरमपेठेच्या कॅफेत परवा चौथं गाणं वाजवलं,
एकेचाळीस माणसं, त्यातली नऊ नात्यातली,
आणि मधल्या कडव्यात आरुषी जराशी अडखळली,
मागे वळून पाहिलं तिनं,
तिथं भिंत होती.

जुनी बेरिंग मी खिशात ठेवली आहे.
गंजलेली, बोटानं फिरवली तर अजून कुरकुरते.
कुणी मुलाखतीत विचारलं तर दाखवीन म्हणून.
अजून विचारलं नाही.