विल्फ टॉम्ब्लिन रस्ता सांगतो

सरळ गेलात तर वीस मिनिटांत आमची काउंटी संपते,
म्हणून गाडी जरा हळू हाका.
रटलंड. हो, एवढीच.
मूर्ती लहान, कीर्ती महान,
हेच आम्ही ढालीवर लॅटिनमध्ये लिहिलंय.
लॅटिन कुणालाच येत नाही, त्यामुळे वाद होत नाहीत.

आधी ओकमच्या गढीत जा.
भिंतभर घोड्यांचे नाल, काही दाराएवढे.
उमराव पहिल्यांदा गावातून गेला की एक नाल द्यायचा,
राणी असली तरी सूट नाही.
सगळे उलटे टांगलेत, तोंड खाली.
बाहेरचे म्हणतात, अशानं नशीब सांडून जाईल.
आणि सुलटे टांगले तर सैतान आत घरटं करेल,
त्याचं भाडं कोण देणार?

मग तळं.
त्याच्या तळाशी खालचं हॅम्बल्टन आहे,
माझ्या मावशीची बदकं जिथं डबक्यासाठी भांडायची.
आता पाणीच पाणी, आणि बदकं दुसऱ्यांची.
काठावरचं चर्च वाचवलं,
पोटात धोंडे भरून त्याला कमरेपर्यंत पुरलं.
वरच्या अर्ध्यात लग्नं लागतात.
वसंतात आफ्रिकेहून मासेमार घारी येतात,
पिल्लं इथलीच म्हणायची. लिहून घ्या.

लिडिंग्टनला क्लेम शेल्टन एखादं घर शाकारताना दिसला तर थांबा.
शिडीवर असताना तो बोलत नाही
आणि खाली उतरला की गप्प बसत नाही.
छपराच्या टोकाला गवताचा कोल्हा ठेवतो,
शेपूट शेवटी.
पाऊस कुठून येणार हे त्या शेपटीला कळतं,
असं तो म्हणतो. एका पाइंटनंतर मलाही पटतं.

माझं काम पाट्यांचं.
चौऱ्याहत्तर साली, एक एप्रिलला
(तारीख त्यांनी निवडली, आम्ही नाही)
काउंटी रद्द झाली.
शेजारच्या मोठ्या घरात आम्हाला दत्तक दिलं,
आईबाप जिवंत असताना.
साहेबाचा कागद आला: हद्दीवरच्या सात पाट्या काढा.
सहा काढल्या.
सातवी मोजताना चुकलो, असं कळवलं.
ती कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत झाली, अक्षरं आतल्या बाजूला.
तेवीस वर्षं आमच्या कोंबड्या रटलंडमध्ये अंडी घालत होत्या,
आम्ही लेस्टरशरमध्ये ती खात होतो.

पत्रांवर मात्र जुनंच नाव.
पोस्टातली मॉड प्रिडमोर ती पत्रं आधी उचलायची,
बाकीची चहानंतर.

सत्त्याण्णवला काउंटी परत मिळाली. तारीख? पुन्हा तीच.
खुराडं मोडलं, पाटी धुतली,
पहिल्या अक्षराचा, 'आर'चा, पाय नव्यानं ओढला.
खारीच्या केसांचा ब्रश, एक श्वास, एक फटकारा.
तो पाय थरथरला की अख्खा शब्द लंगडतो.

हेस्टरनं हे पाहिलं नाही.
ती एकोणनव्वदला गेली,
दाखल्यावर त्यांची काउंटी.
तिच्या दगडावर मी नाव काढलं, गाव काढलं
आणि खाली चार बोटं जागा कोरी सोडली.
परत मिळाल्यावर सोनेरी रंग घेऊन गेलोही.
तर त्या जागेत पिवळं दगडफूल चढलेलं,
अगदी ओळीत, जणू कुणी पेन्सिलीनं रेघ आखून दिली होती.
त्यावर रंग धरत नाही.
खरवडलं असतं तर धरला असता.
डबा बंद केला, थोडा वेळ बसलो,
घरी येऊन त्याच सोन्यानं
शाळेच्या फाटकावरचा नंबर रंगवला.

हां, तुमचा रस्ता.
मेंढ्यांच्या फाटकाशी डावीकडे वळा, मग चढ,
चढ संपला की पाटी.
खालच्या कोपऱ्यात बारीक बारीक खड्डे दिसतील.
चोचींचे आहेत.
ते मी बुजवले नाहीत.