शेरा

तक्त्यात सहा ओळी भरायच्या होत्या.
रकाने ठरलेले : कोण मोजतं, कशानं, किती वर्षांचा हिशोब,
आणि शेवटी, नेहमीसारखा अरुंद, शेरा.

कन्नडच्या विश्रामगृहात पंखा एकाच बाजूला वारा टाकतो.
कागद उडू नयेत म्हणून घाटातलेच दगड ठेवलेत वर.

जपान : पिवळा पट्टा, लाल पट्टा.
लालमध्ये घर बांधायचं तर भिंत किती धक्का सोसेल ते आधी दाखवा.
स्वित्झर्लंड : लाल, निळा, पिवळा,
आणि क्वचित येईल पण आलं तर जबर, तिथे पिवळ्या-पांढऱ्या रेघा.
हाँगकाँग देश नाही, तरी ओळ दिली.
तिथे कापलेल्या उताराला नंबर असतो,
पत्र्यावर, आपल्या घरांना असतो तसा.
नॉर्वे हजार वर्षांतून एकदा पडेल इथवर घराला चालवून घेतो.
दवाखान्याला पाच हजार.

पाच हजार लिहिताना पेन थांबलं.
आमचं रजिस्टर चौऱ्याऐंशीपासूनचं.
त्याआधीचं वाळवीनं मोजलं.

मी परभणीची. आमच्याकडे चैत्रात रान फाटतं,
भेगेत कोपरापर्यंत हात जातो,
पोरं त्यात गोट्या हरवतात, नि कुणी घाबरत नाही.
पाऊस आला की माती आपली आपण मिटते.
इथल्या डोंगराची भेग मिटत नाही
हे मला जुम्मा तडवीनं शिकवलं, चौथ्या वळणावर,
काळ्या दगडाखाली जिथे गेरूसारखा तांबडा थर दिसतो
आणि झिरा वाहतो. झिरा गढूळला की तो फोन करतो.

भेगेवर त्यानं काच चिकटवली होती,
चष्म्याच्या दुकानातली, फुकटची, दोन्हीकडे सिमेंट.
मागच्या श्रावणात ती तडकली.
त्यानं रस्त्यात ड्रम लोटले, तांबडं पोतं टांगलं,
चाळीसगावकडची वाहनं साडेपाच तास उभी.
डोंगर हलला नाही.
ड्रायव्हर आईवरून बोलले. ऑफिसनं लेखी खुलासा मागवला.
दरड अकराव्या दिवशी आली,
रात्री तीनला, रिकाम्या रस्त्यावर.

आता हे कुठल्या रकान्यात?
बरोबर होता म्हणू, की अकरा दिवस चुकला?
भारताच्या ओळीत कमी, मध्यम, जास्त.
त्याला मी सगळा तक्ता वाचून दाखवला.
नॉर्वेपाशी म्हणाला, "हजार वर्षांतली ती एक रात्र,
ती कोणती, हे सांगतात का ते?"
नाही म्हटलं.
"मंग त्यांचंबी आपल्यासारखंच,"
आणि बिडी कानामागे खोचली.

सातवी ओळ मी हातानं आखली.
जुम्मा नजीर तडवी. रोजंदारी. काच. सव्वीस पावसाळे.
शेऱ्यात : पुन्हा खुलासा मागवू नये.
साहेब खोडतील बहुतेक.

निघताना त्यानं हाक मारली,
"बाई, येताना काच आणा. जाड नको.
जाड लई उशिरा बोलती."