समासातली नोंद

सोहार. खाऱ्याचं गोडं करणारा कारखाना.
रात्रपाळीला प्रयोगशाळेत मी आणि फ्रिजची घरघर.
कपाटाच्या तळाशी जुन्या नोंदवह्या,
इंग्रजीत आकडे : क्षार, गढूळपणा, तापमान,
आणि समासात, पेन्सिलीनं, मराठी.

"पंप तीन कुरकुरतोय. माझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही."
"फोरमन म्हणाला, बाई, तुम्ही चहाचं बघा.
मी क्लोरीनचं बघितलं."
सही : हे. तो.

महिनाभर मला वाटायचं, असेल कुणी तो.
मग एका पानाला टाचलेली शिंप्याची पावती निघाली :
लॅबकोट, पुरुषी माप, बाह्या आखूड करणे,
हेमलता तोरसकर, दीड रियाल.

परवा वारा पडला.
समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प.
पडद्यावर सगळे आकडे शहाण्या मुलांसारखे ओळीत.
मला तिची एक ओळ आठवत राहिली,
"ऑक्टोबरात वारा पडला की यंत्रावर विसंबू नये.
बाटली उघडावी, हुंगावी."

उघडली.
बाजार उठल्यावर मासळीच्या ओट्यावर राहतो
तसा वास.
सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर जत्रा,
तांबूस, वळवळती, एकमेकांना धरून चाललेली.

कंट्रोल रूमला शमसा बलुशी होती.
तिची आई विहिरीवरून पाणी वाहायची, डोक्यावर.
तिनं विचारलं, "नक्की?"
म्हटलं, "नाकाची शपथ."
ती हसली नाही.
साहेबांना उठवायच्या आधी
तिनं समुद्राकडची दोन्ही तोंडं मिटून टाकली.

पहाटे दिसलं,
किनाऱ्यालगत गेरू सांडल्यासारखं लाल पाणी.
गावात टाक्यांतलं तीन दिवस पुरलं.
कुणी वुजू केलं, कुणी बाळाला न्हाऊ घातलं,
कुणी डाळीत अंमळ जास्तच ओतलं.
आमच्या कामाचं असंच,
नीट झालं की दिसत नाही.

अहवालात आलं : "पुरुषोत्तम साहेबांच्या विभागाची तत्परता."
चालायचंच, असं मी म्हणाले नाही.
वही काढली. समासात, डावीकडून, तारीख घातली
आणि लिहिलं,
लोक खाल्ल्या मिठाला जागतात.
आम्ही काढलेल्या.
सही केली. आद्याक्षरं नाहीत, अख्खं नाव, आडनावासकट.

शमसानं पेन्सिल घेतली, उजवीकडून अरबीत काही लिहीत आली,
जागा संपली तिथं दोघींची अक्षरं टेकली.

काय लिहिलंस गं?
म्हणाली, "पंप तीन.
अजून कुरकुरतोय."