बारा घरं

कुताइसीच्या नर्सिंग कॉलेजात एतेरीबाईंनी
फळ्यावर कवटीतल्या नसांच्या बारा जोड्या लिहिल्या
आणि म्हणाल्या, परवा तोंडी.
लॅटिन नावं डोक्यात शिरेनात.
मग रात्री त्या बाराही घेऊन मी आमच्या गल्लीत गेले
आणि घरोघरी एकेक ठेवून आले.

पहिलं दार त्सियालाच्या भट्टीचं. वास.
दुसरं घड्याळवाल्या वाझाचं, एका डोळ्यात कायम भिंग.
तिसरीकडची पोरगी सगळ्यांकडे डोळे फिरवते.
चौथं घर नाहीच, विहीर आहे.
त्या नसेचं नावच कप्पीवरून पडलंय
हे कळलं तेव्हा वसतिगृहात मी एकटीच हसले.
पाचव्या घरात तीन बहिणी,
कपाळ, गाल, हनुवटी अशी वाटणी झालेली.
सहावा लादो, पत्ते खेळताना
शेजाऱ्याच्या हातात तिरका बघणारा.
सातवी नातेला.
तिचा अर्धाच चेहरा हसतो. उरलेला
नवरा खाणीतून आला नाही तेव्हापासून गप्प.

आठवा गुराम. चर्चची घंटा वाजवून वाजवून ठार बहिरा.
नववीकडे दारूचे रांजण. घोट, गिळणं.
दहावं आमचं.

दहावी नस भटकी. घशातून छातीत, छातीतून पोटात,
कुठे म्हणून थांबत नाही.
तिथे मी झाझाला ठेवलं.
तो पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
आणि फोन आला नाही की आईला घास उतरत नाही.

अकरावे बेझानकाका. काहीही विचारा, खांदे उडवतात.
बारावी केसो. तिच्या जिभेला हाड नाही.

परीक्षा झाली. बाई म्हणाल्या,
इमारत उभी राहिली, आता परांची उतरवा.
पण जानेवारीत गुराम वारला. घराला कुलूप.
मी मात्र अजून आठव्या दारावर थाप मारते
आणि त्या बहिऱ्याला
उठून यावं लागतं.

काल वॉर्डात एका म्हातारीला म्हटलं,
आजी, हसून दाखवा.
ओठ एकाच बाजूला गेला.
भुवया वर करा म्हटलं,
अर्ध्या कपाळावर आठी उमटेना.
बाईंनी विचारलं, कितवी?
माझ्या तोंडून गेलं, नातेला.
त्यांचं पेन थांबलं.
कुठे राहते ती?
विहिरीपासून तिसरं दार, म्हटलं.

त्यांनी बोटांवर मोजलं
आणि सात लिहिलं.