साउंडच्या पेटीसाठी

काल्याच्या रात्री आमच्या देवळापुढे नाटक होतं.
सव्वीस वर्षं मी त्याचा प्रॉम्प्टर.
डाव्या विंगेत, कापडाआड,
मांडीवर नक्कल, हातात टॉर्च,
खाली ही चाकांची खुर्ची.
राजे, नारद, द्वारपाल,
अडखळले की सगळ्यांचे कान माझ्याकडे.
गॅरेजवाला रोहिदास दरवर्षी कृष्ण होतो
आणि दरवर्षी एकाच जागी विसरतो.

स्टेजला पाच पायऱ्या.
"मुकुंदबाबांक धर रे!" की चौघे धावत येत.
एकाला अत्तराचा वास, एकाला फेणीचा,
एकाचा हात घामानं निसटायचा.
मी हसायचो.
उचललेल्या माणसाला हसावंच लागतं.
रात्री दोनला लघवी लागली
तर ते चौघे गाड्यावर रॉस-आमलेट खात असणार,
म्हणून काल्याच्या दिवशी
मी दुपारपासून पाणी प्यायचो नाही.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा साउंड म्हापशाचा.
पेट्या माणसाहून उंच, बुडाला चाकं.
साउंडवाला पायऱ्या बघून म्हणाला,
असं असेल तर टेम्पो परत फिरवतो.
पाच मिनिटांत कमिटीची बैठक झाली.
(माझा अर्ज तीन अध्यक्षांनी वाचला होता.
"पुढल्या जत्रेला बघू," तिघांचं अक्षर वेगळं, वाक्य एकच.)

इनास मेस्त आला, कानावर पेन्सिल.
फळ्या टाकल्या, पेटी ढकलून बघितली, चढली.
मग त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.
फळ्या काढल्या.
दुसऱ्या आणल्या, जोडल्या, पुन्हा जोडल्या,
एक वीत चढायला बारा विती,
उतार थेट दीपस्तंभापर्यंत गेला.
कडेला फणसाची पट्टी ठोकली, चाक सुटू नये म्हणून.
खजिनदार ओरडला, इतका लांब कशाला?
"पेटीक चौगजाण आसात," इनास खिळे तोंडात धरून म्हणाला,
"हो एकटोच वतलो."

दिवे लागायच्या आधी मी चढलो.
दंड भरून आले.
मध्ये एकदा थांबलो,
कारण थांबता येत होतं.
वर गेल्यावर विंगेकडे वळलो नाही,
सरळ मधोमध गेलो.
समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, खाज्यांची दुकानं,
पहिल्या रांगेत एक कुत्रा, पाय पसरून.
सव्वीस वर्षं मी नाटक
फक्त बाजूनं बघितलं होतं.

त्या रात्री मी दोन कप चहा प्यालो. वर तांब्याभर पाणी.
रुक्मिणीला सातवा महिना, ती उतारावरून आली.
अध्यक्षांचा गुडघा यंदाच बदललाय,
सत्काराला तेही तिकडूनच वर आले,
कुणी बघितलं नाही असं समजून.
रोहिदास विसरला. त्याच जागी.
मी वाक्य दिलं.

सकाळी फळ्या सुटू लागल्या.
इनासच्या पिकअपमध्ये एकेक फळी पडताना
मी आवाज मोजत होतो.
वाचनालयाला तीन पायऱ्या आहेत.
रेशनला दोन, त्यातली एक तुटकी.
ग्रामसभा पहिल्या मजल्यावर भरते,
तिथं मी अजून गेलेलो नाही,
तिथले ठराव मला खाली, वडाखाली, कुणीतरी सांगतं.

प्रॉम्प्टरला ओरडायची मुभा नसते.
नट गप्प झाला की पहिला शब्द द्यायचा, हळू,
नाही उचलला तर पुन्हा तोच,
पुन्हा तोच,
पुढचं वाक्य त्याचं त्याला येतं.

अध्यक्ष पायऱ्यांपाशी चहा फुंकत उभे होते.
मी खुर्ची त्यांच्या डाव्या अंगाला नेली,
विंगेतून नेतात तशी,
आणि पहिला शब्द दिला.